कडूबाईचा विषय

श्रीगोंद्याहून बेलवंडीकडं जाताना उसाच्या फडांमध्ये एक लहानसं गाव लागतं. तिथं कडूबाईची पिठाची गिरणी आहे. गिरणी सुरू असली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळं कडूबाईचा आवाज चांगलाच खणखणीत झालेला. बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. पण परक्या माणसानं नाव विचारलं की तोच आवाज बारीक व्हायचा. ‘कविता’ असं काहीतरी ठोकून ती मोकळी व्हायची.

पोरांची लग्नं उरकल्यावर तिनं बाहेरून दहावी केली, मग बारावी, आणि पन्नाशीत मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. सोबतीला जहिरा होती. तिचं गावातच बांगड्यांचं दुकान. दोघी रविवारी एसटीनं श्रीगोंद्याला वर्गाला जायच्या. तिथल्या पंकजा मॅडमनी एकदा सांगितलं, की प्रत्येकानं पाच मिनिटांचं माहितीपर भाषण करायचं. विषय ज्यानं त्यानं निवडायचा.

कडूबाईनं चंद्र निवडला. विषय मोठा घेतला म्हणजे आपणही मोठे वाटू, असा तिचा हिशेब. मोबाईलवरून माहिती उतरवून काढली आणि दळण घालता घालता पाठ करायला लागली. गिरणीत आलेल्या बायकांना ती चंद्राचं अंतर, चंद्राचे खड्डे ऐकवायची. बायका ऐकायच्या, मान हलवायच्या आणि पीठ घेऊन जायच्या. एकदा सांगून झाल्यावर राहीबाई नावाच्या शेजारणीनं सावकाश विचारलं, “मंग तिथं दळायला काय मिळतं का?” त्यावर सगळी गिरणी हसली. कडूबाईही हसली, पण तिला कळून चुकलं, की चंद्राबद्दल कुणी एक प्रश्न जास्तीचा विचारला तर आपल्याकडं उत्तर नाही.

पुढच्या रविवारी तिनं मॅडमना अडचण सांगितली. मॅडम म्हणाल्या, की जे थोडंफार माहीत आहे आणि आणखी जाणून घ्यावंसं वाटतं, ते घ्या. ऐकणारा घरी जाताना त्यातलं काय घेऊन जाईल, तेही बघा. मग हजेरी सुरू झाली. कडूबाईचं नाव आलं तशी मागच्या बाकावरची एक मुलगी वळून अगदी सरळ मनानं म्हणाली, “मावशी, एवढ्या गोड माणसाचं असं नाव कुणी ठेवलं?”

कडूबाईला राग यायला हवा होता. पण परतीच्या गाडीत ती जहिराला म्हणाली, “खरंच गं, कुनी ठेवलं आन् का ठेवलं, मी कधी विचारलंच न्हाई.”

तिची आई बनुबाई जामखेडकडं, कडूबाईच्या माहेरी असायची. कडूबाईनं घरी पोचताच फोन लावला. आईनं आधी दळणाकांडणाचं विचारलं, नातवंडांचं विचारलं, आणि मग सांगितलं. कडूबाईच्या आधीची दोन लेकरं बारशाआधीच गेली होती. ही झाली तेव्हा शेजारणीनं ओंजळभर कोंडा देऊन तिला विकत घेतल्यासारखं केलं आणि मग सांभाळायला म्हणून परत दिलं. का, तर लेकरू ह्या घरचं नाही असं वाटून काळानं वाट चुकावी.

“आन् कडू का?” कडूबाईनं विचारलं.

“मरनानं तोंडात घेतलंच तर थुकून द्यावं म्हनून,” बनुबाई म्हणाली. “तुला हाक मारताना मला लई गोड वाटायचं गं.”

कडूबाईनं फोन ठेवला. मग नवऱ्याला, सहादेवला, जाऊन म्हणाली, की विषय सापडला.

त्यानंतर दळणाला येईल त्याच्या नावाची चौकशी सुरू झाली. लोक आपण होऊन सांगायला लागले. कुणाचा आजा केरबा, कारण जन्मल्याबरोबर त्याला केरावर ठेवून उचललं होतं. कुणाचा चुलता धोंडू, दगडासारखा टिकावा म्हणून. जहिरानं सांगितलं, की तिच्या आजोबांसाठी, पोर जगलं तर मोहरमला फकीर करू, असा नवस बोलले होते, म्हणून त्यांचं नाव फकीर. आणि हे फकीरभाई गावात सगळ्यात जास्त जनावरं बाळगून होते. एक नकुसा नावाची बाई मात्र पिठाचा डबा उचलताना म्हणाली, “माझं नाव वेगळ्या कारनानं पडलंय. सांगायचं तर सांग, पन त्यावर हसू न्हाई आलं पायजे.” कडूबाईनं ते तसंच सांगायचं ठरवलं.

गोष्टी इतक्या जमल्या की पाच मिनिटांत मावेनात. सहादेव मोबाईलवर वेळ लावून खाटेवर बसायचा आणि वेळ झाली की हात वर करायचा. कडूबाई काटछाट करायची. सहादेवच्या मावसभावाची गोष्ट गेली, तेव्हा तो जरा नाराज झाला. जे ऐकीव होतं त्याच्या आधी ‘आमच्याकडं असं सांगतात’ हे जोडायला जहिरानं सुचवलं, तेही तिनं घेतलं.

भाषणाच्या दिवशी ती पुढं उभी राहिली आणि गिरणीतल्या आवाजात म्हणाली, “माझं नाव कडूबाई.” मागं कुणीतरी फिसकन हसलं. ती थांबली. “हसा. पन हे नाव एका आईनं लेकरू जगावं म्हनून ठेवलंय, ते कसं ते ऐका.”

वर्ग हसला, नकुसाच्या नावाशी गप्प झाला, फकीरभाईंच्या जनावरांवर पुन्हा हसला. मध्येच एक मुद्दा ती साफ विसरली, पण तिच्याशिवाय ते कुणाला कळलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या आणि लगेच हात वर झाले. एक पोरगा म्हणाला, की माझ्या वडलांचं नाव दगडू, मी आजवर नुसता ‘डी’ लिहीत होतो. मॅडम हसत म्हणाल्या, “पंकजा म्हणजे चिखलात जन्मलेली. तेव्हा मलाही तुमच्यातच धरा.” मग ज्याला त्याला आपलं नाव सांगायचं होतं. पुढची दोन भाषणं त्या दिवशी झालीच नाहीत.

बोलण्याच्या नादात दोघींची एसटी गेली. स्टँडसमोर उसाचा रस पिताना कडूबाईनं आईला फोन करून सगळं, अगदी हातातल्या रसापर्यंत, सांगितलं. बनुबाई एवढंच म्हणाली, की घसा दुखत असेल, बर्फ घालून पिऊ नको. कडूबाईनं ग्लास जहिराच्या हातात दिला आणि बिनबर्फाचा दुसरा सांगितला.

जहिरा आता विचारात पडली होती. तिचं भाषण पुढच्या रविवारी होतं आणि तिनं प्रदूषणावरचा निबंध पाठ केला होता.

“ताई,” ती म्हणाली, “बांगड्या भरताना मनगट आखडलं की आमी बायकांना बोलण्यात गुंतवतो, हात आपोआप सैल पडतो. ह्यावर बोलले तर?”

“माझाच हात धर आन् सुरू कर,” कडूबाई म्हणाली, आणि रसवंतीच्या बाकावर तिनं हात पुढं केला.