शिर्क्यांकडे ठेवलेलं प्रस्थान

सातपूरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि एक नटसुद्धा हरवू दिला नाही. दोन पासपोर्ट हरवायला मला निवृत्त होऊन मेलबर्नला जावं लागलं.

तिथे लेकीकडे, मृण्मयीकडे, मी आणि बायको सुनंदा पाच महिने होतो. चार महिने आम्हाला कुणी फारसं विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र "आता निघणार ना? मग जेवायला या!" अशी झुंबड उडाली. सकाळी एकाकडे पोहे, दुपारी दुसऱ्याकडे पुरणपोळी, संध्याकाळी तिसऱ्याकडे "नुसता चहा" (म्हणजे चहा, बटाटेवडे, शिरा आणि वर आग्रह). माझ्या पँटचं बटण मंगळवारीच शहीद झालं. या सगळ्यांत जिवाचे दोस्त म्हणजे शिर्के. साताऱ्याचे, मुलाकडे आलेले, आणि बागेतल्या बाकावर शेजारी बसून रोज त्याच सात गोष्टी सांगणारे. माझ्या गोष्टी पाचच असल्यामुळे आमचं छान जमलं.

सोमवारी नाशिकहून माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, व्हिडिओ कॉल आला. हातात पंचांग!

"शुक्रवारी निघताय? अरे, अमावस्या आहे!"

"आक्का, विमान अमावस्येलाही उडतं."

"ते उडू दे. तू उडू नकोस. आधी प्रस्थान ठेव!"

हल्लीच्या मंडळींना हे सांगायला हवं. निघायचा दिवस वाईट असला, की आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपली एक वस्तू तांदूळ-सुपारीसह दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला, असं धरायचं. निघताना ती वस्तू परस्पर उचलायची, मधे घरी आणायची नाही.

"वस्तू कुठली ठेवू?" मी विचारलं.

"जिच्यावाचून तुझा प्रवास होणार नाही, अशी."

"अहो, तुमचा मफलर ठेवा," सुनंदा म्हणाली. पण माझं डोकं पडलं स्टोअरकीपरचं! मफलरवाचून प्रवास होतो, पासपोर्टवाचून होत नाही. मी दोघांचे पासपोर्ट एका मोठ्या पाकिटात घालून चिकटवले, वर कुंकवाचं बोट लावलं आणि किलोभर तांदूळ, सुपारी यांच्यासोबत कापडी पिशवीत ठेवले. मंगळवारी पिशवी शिर्क्यांच्या हाती दिली.

"प्रस्थान आहे. शुक्रवारी जाताना नेतो."

"काळजीच नको!" शिर्के म्हणाले.

आत पासपोर्ट आहेत हे मी बोललो नाही. (मौल्यवान मालाची जाहिरात करायची नसते, हा स्टोअरचा पहिला नियम.) घरीही सांगितलं नाही.

बुधवारी त्यांच्याकडेच जेवण होतं. निघताना शिर्केवहिनींनी बेसनाच्या लाडवांचा भला मोठा डबा दिला. घरी येऊन मी तो बॅगेत तळाशी ठेवला, बॅगेला दोन कुलपं लावली, चिकटपट्टी गुंडाळली आणि वरून नायलॉनची दोरी आवळली.

"अहो, बॅग आहे ती, बैल नाही!" सुनंदा म्हणाली.

शुक्रवारी विमानतळावर जाताना मृण्मयीने गाडी शिर्क्यांच्या दारात थांबवली. निरोप द्यायला बागेतली सगळी मंडळी हिरवळीवर जमली होती. मी ऐटीत उतरलो.

"वहिनी, आमचं प्रस्थान?"

"कसलं प्रस्थान?"

शिर्के स्वतःच्या चपलांकडे पाहू लागले. काळजीच नको म्हणणाऱ्या माणसाने बायकोला एक अक्षर सांगितलं नव्हतं!

"ती पिशवी होय? मला वाटलं, सुनंदाताईंनी निरोपाची भेट पाठवली. तांदूळ झकास होता हो! बुधवारचा मसालेभात त्याचाच."

(मी तीनदा मागून घेतला होता.)

"आणि पाकीट?"

"भावोजी, आम्ही आहेर घेत नाही! न उघडता परत केलं."

"कुणाला?"

"तुम्हालाच. लाडवांच्या खाली घातलं. हातात दिलं असतं, तर तुम्ही घेतलं असतंत का?"

म्हणजे प्रस्थान बुधवारीच घरी आलं होतं आणि मीच त्याला दोरीने बांधून कुलूप घातलं होतं!

"बाबा, पाकिटात होतं काय?" मृण्मयीने विचारलं.

मी सांगितलं. त्यानंतर मृण्मयी जे बोलली, ते इंग्रजीत असल्यामुळे मला पूर्ण कळलं नाही. विमानाला साडेतीन तास होते.

बॅग हिरवळीवर आडवी पडली. गाठ सुटेना (मारली कुणी होती!). शिर्क्यांच्या मुलाने झाडं छाटायची कात्री आणून दोरी कापली आणि अकरा माणसं बॅगेवर तुटून पडली. माझे बनियन कुंपणावर, सुनंदाच्या साड्या गुलाबावर, समोरच्या घरातलं गोरं जोडपं खुर्च्या टाकून बसलेलं! त्यातच शिर्क्यांच्या हाती त्यांनीच आम्हाला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ लागलं. स्टोअरच्या सवयीने मी प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली होती. शिर्क्यांनी ती मोठ्याने वाचली.

"'शिर्के यांजकडून. वापरू नये. कुणाच्या तरी वास्तुशांतीला देणे.'"

मला अमावस्या तिथेच दिसली.

"द्या की!" वहिनी म्हणाल्या. "आम्हालाही ते असंच आलंय!"

मग जो हशा उसळला! शिर्के तर हसता हसता खालीच बसले. डोळे पुसत मला म्हणाले, "जाऊ नका हो. पाच महिन्यांत एवढं हसलो नव्हतो." खरं सांगतो, त्या क्षणी पासपोर्ट नसते सापडले तरी मला चाललं असतं.

पण सापडले. अकरा जणांनी डबा रिकामा करायचं काम मनापासून केलं आणि शेवटच्या चार लाडवांखालून तुपाने माखलेलं पाकीट निघालं. मग ज्याच्या हाताला जे लागलं, ते त्याने बॅगेत कोंबलं. शिर्के झाकणावर बसले, मी कुलपं लावली आणि आम्ही सुटलो.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने दोन बोटांनी तुपकट पासपोर्ट उघडले आणि विचारलं, "ही बॅग तुम्ही स्वतः भरली आहे ना?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा माझ्याकडे बोट दाखवत पुढे सरसावली.

"नो, नो! ही ओन्ली लॉक!"

पाच महिन्यांत ती बोललेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य, आणि त्यात तिळमात्र खोटं नव्हतं.