पुन्हा लवकर या

घानातल्या कुमासीत कुणी गेलं की घरचे आधी शवपेटीवाल्याकडे जातात आणि मग पोकुआकडे. अख्ख्या गोतावळ्याला एकसारखं लाल-काळं कापड लागतं, ते तिच्याकडे मिळतं. चौकश्या तीन फोनांवर येत आणि हटकून हरवत. म्हणून बहिणीची मुलगी दुफी मागे लागली की सगळे निरोप एका जागी आणणारं सॉफ्टवेअर घेऊ. दोन पसंत पडली. एक महाग, ते निरोप फक्त गोळा करून समोर ठेवणार, उत्तर माणसानंच द्यायचं. दुसरं स्वतःच उत्तरं देणारं, आणि पहिला महिना फुकट. फुकट ते पौष्टिक! पोकुआनं तेच लावलं. त्यातली तयार वाक्यं दोघींपैकी एकीनंही वाचली नाहीत.

शुक्रवारी त्या शहाण्यानं कापड नेलेल्या प्रत्येकाला आपणहून लिहिलं, 'तुम्ही आलात, आनंद झाला. पुन्हा लवकर या.'

पोकुआनं ते वाचलं तोवर निरोप गेले होते. तिच्या दुकानातून निघणाऱ्याला 'या' म्हणत नाहीत. म्हणणं म्हणजे त्याच्या घरी दुसरं मरण मागणंच. आणि निरोप गेलेल्यांत नाना अमोआटेंग होते. त्यांची थोरली मुलगी नुकतीच गेली होती.

"मशीन आहे, मावशी. लोकांना कळतं," दुफी म्हणाली.

"खाली नाव माझ्या दुकानाचं होतं ना गं?"

माफी मागायला रीतीप्रमाणे जिन दारूची बाटली आणि रदबदलीला शेजारचे एक वडीलधारे घेऊन ती नानांकडे गेली. वाटेत तिच्या मनात एकच होतं, म्हाताऱ्यानं शाप दिला तर? मध्यस्थानं बोलायला सुरुवात केली, तोच नानांनी त्याला हातानं थांबवलं.

"पोकुआ, मी रागावलो नाही. मी घाबरलो. दोन मुली उरल्यात माझ्या. ही मधली घरात आहे, तिला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. धाकटी तिकडे अक्रा शहरात, तिला म्हटलंय गाडीत बसू नकोस. मशीन आहे म्हणून दोघी हसतात मला. पण त्या मशीनला कुणीतरी शिकवलंच असेल ना?"

पोकुआला रडू फुटलं. तिनं घरातल्या मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "तुमची पावलं माझ्या दुकानाला पुन्हा कधी न लागोत."

नानांनी रेकॉर्डिंग लावून आपला फोन पुढे केला. "धाकटीसाठी यात बोल."

ती बोलली. आवाज कापला, म्हणून नानांनी पुन्हा बोलायला लावलं.

पोकुआ घरी येताच दुफीनं ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि निमूटपणे महागाचं घेतलं. पण निरोप गेलेली घरं बरीच उरली होती. पोकुआ स्वतः एकेकाला फोन करू लागली. पहिल्या घरी बोलणं झालं, दुसऱ्या घरी शिव्या मिळाल्या, पण घरचे सगळे धडधाकट होते, म्हणून त्या तिनं आनंदानं ऐकल्या. तिसऱ्या नंबरवर नुसती घंटी वाजत राहिली.

"कामात असतील," दुफी म्हणाली.

पोकुआनं पुन्हा तोच नंबर लावला.