दहा ठिकाणं आणि चढतं पाणी

माझ्या नवऱ्याचा मामेभाऊ आणि त्याची बायको पुण्याहून दोन दिवसांसाठी वसई बघायला आले, तेव्हा चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच भावोजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात दहा ठिकाणांची यादी होती. वर लिहिलं होतं, मध्यमवयीन जोडप्यांसाठी वसईतली निवांत ठिकाणं. प्रत्येक ठिकाणापुढे गुडघ्यांना किती त्रास होईल तेसुद्धा दिलं होतं.

"वहिनी, आज पाच, उद्या पाच," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी वसई संपली."

माझं माहेर वसईतलं, सासर वसईतलं, आणि तीस वर्षं मी इथल्याच शाळेत शिकवतेय. माझी अजून संपलेली नाही. त्या यादीतली तीन नावं तर मी जन्मात ऐकली नव्हती. एक 'सनसेट पॉइंट' होता. नीट वाचल्यावर कळलं की तो म्हणजे खाडीकाठचा बांध, जिथे पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून ओततात. सूर्य तिथेही मावळतो, एवढं खरं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला नेमकं त्याच दिवशी केळीला पाणी द्यायचं होतं. पाहुणे आले की आमच्या वाडीतल्या केळींना फार तहान लागते. म्हणजे फिरवायचं काम माझ्याकडे आलं.

भावोजींच्या बायकोबद्दल माझं मत तिच्या लग्नातच झालं होतं आणि पंचवीस वर्षांत ते बदलायची वेळ आली नव्हती. काय खाशील विचारलं, तर "ह्यांना जे असेल ते." किल्ला आधी बघायचा की बाजार, तर "हे म्हणतील तसं." अशी माणसं मला वर्गातही आवडत नाहीत. चुकीचं का होईना, उत्तर द्यावं.

किल्ल्यात शिरल्या शिरल्या भावोजींनी तिकीटखिडकी कुठे आहे ते विचारलं. मी सांगितलं की हा रस्ता सरळ बंदरावर जातो, बायका टोपल्या घेऊन रोज ह्याच्यातून जातात. ते जरा हिरमुसले. ज्याला तिकीट नाही ते बघण्यासारखं नसतं, असा त्यांचा हिशेब असावा. तरी मोबाइल काठीला लावून एका पडक्या भिंतीपुढे ते उभे राहिले आणि "मित्रांनो, आपण आलो आहोत पोर्तुगीजांच्या राजवाड्यात" असं सांगू लागले. त्या भिंतीला माझ्या लहानपणी म्हशी बांधत. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही मध्ये बोललात, आता पुन्हा घ्यावं लागेल." शेजारीच लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली एक मुलगी भाड्याच्या लाल झग्यात घामाघूम होऊन उभी होती. तिचा होणारा नवरा झग्याचं शेपूट उचलून हवेत फेकत होता आणि फोटोवाला "और ऊपर, और ऊपर" म्हणत होता. किल्ल्याकडे त्या तिघांपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. आमच्याकडून तरी वेगळं काय होत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचोटीचा धबधबा. जानेवारी महिना होता. मी रात्री जेवताना सांगितलं होतं, आता तिथे पाणी नसतं. "यादीत पाच तारे आहेत," भावोजी म्हणाले. हायवेवर ट्रकांच्या मागे धूळ खात दीड तास गेला. डोंगराच्या पायथ्याशी एक गृहस्थ गवताचे भारे बांधत होते. भावोजींनी काच खाली करून विचारलं, "धबधबा चालू आहे का?"

त्यांनी भारा खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "पानी पावसात असतं."

"मग पावसात यायला पाहिजे."

"पावसात पोलीस सोडत नाय."

भावोजींनी तिथूनच डोंगराचा एक फोटो काढला आणि यादीवर खूण केली. त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. मला वाटलं, हिला गंमतही कळत नाही.

दुपारी आम्ही पश्चिमेला आलो. गास गावच्या भाजीच्या मळ्यांतून पुढे गेलं की सुरूची झाडं लागतात आणि त्यांच्यामागे समुद्र. ओहोटी होती, वाळू लांबवर ओली चमकत होती. भावोजींनी गाडी झाडांत उभी केली नाही. ती सरळ खाली नेली, पाण्याच्या दिशेने. गाडीमागे समुद्र असा फोटो त्यांना हवा होता.

"भावोजी, इथे गाड्या रुततात," मी म्हटलं.

"वहिनी, ही साधी गाडी नाही," ते हसले, जसे माझे दहावीचे विद्यार्थी मला मोबाइल समजावताना हसतात तसे.

त्यांच्या बायकोचं डोकं दुखत होतं. ती पुढच्या सीटवर मान टाकून, डोळे मिटून पडून राहिली. तिच्यासाठी त्यांनी किल्ली गाडीतच ठेवली, पंखा चालू राहावा म्हणून. स्वतः मोबाइलची काठी घेऊन किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले, मित्रांनो मित्रांनो करत. मी वर येऊन सुरूच्या एका आडव्या खोडावर बसले.

आता जे सांगते ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. भरती लागलेली मला दिसत होती. आधी एक पातळ पदर गाडीच्या पुढे येऊन परत गेला, मग दुसरा चाकांना लागला. शिंपल्या वेचून परतणारी एक म्हातारी माझ्याजवळ थांबली.

"बाई, पानी चढतंय. ती गाडी तुमची का?"

"पाहुण्यांची आहे," मी म्हटलं. "सांगते."

आणि सांगितलं नाही. भावोजी एव्हाना लांब ठिपक्याएवढे झाले होते, पण गाडी माझ्यापासून पन्नास पावलांवर होती. उठून काचेवर टकटक केली असती तरी पुरे होतं. मी बसून राहिले. भिजू देत एकदा ह्यांची साधी नसलेली गाडी, असं माझ्या मनात आलं, अगदी स्वच्छ शब्दांत. आत माणूस आहे हे मला ठाऊक होतं. चाकं भिजतील, फार तर रुततील, असा विचार करून मी ते बाजूला सारलं.

मग एक मोठी लाट आली आणि गाडी मागच्या बाजूने खचली, जणू कोणी गुडघे टेकावेत. तेव्हा मात्र मी धावले. मळ्यातून दोन माणसं आधीच पळत निघाली होती, म्हातारीने हाक घातली असावी. पाठोपाठ ट्रॅक्टर आला. तो चालवणारे काका गासचेच, गळ्यात क्रूस, पायात गमबूट. माझ्याशी ते साधं मराठी बोलले, पण आपसांत त्यांच्या बोलीत पुण्याच्या लोकांबद्दल जे बोलले ते भावोजींना समजलं नाही हे बरं झालं. मला समजतं.

भावोजी धापा टाकत आले आणि कोरड्या वाळूवर थांबले. बूट नवे होते. त्यांनी गाडीच्या कंपनीला फोन लावला. "सर, समुद्र आत येतोय," हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि पलीकडून बहुधा गाडीचा नंबर विचारत होते.

काकांनी दोर अडकवला. "आत कोन तरी पायजे, स्टेअरिंग सरळ धरायला."

भावोजी फोनवर हात ठेवून म्हणाले, "एक मिनिट."

"मिनिट नाय हो," काका ओरडले.

तेव्हा दार उघडलं. त्यांची बायको खाली उतरली, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. साडी खोचली, फेरा मारून आली आणि चालकाच्या जागी बसली.

"तुला येते?" मी विचारलं.

"येते. हे देत नाहीत," ती म्हणाली आणि काकांना काचेतून हात केला.

तिने दोनदा चाक बरोबर फिरवलं, काका सांगतील तसं, घाई न करता. तिसऱ्या हिसक्याला गाडी सुटली आणि ती थेट झाडांपर्यंत घेऊन आली. म्हातारीने टाळ्या वाजवल्या. भावोजी अजून फोनवरच होते.

आत खारं पाणी गेलं होतं, म्हणून गाडी दुसऱ्या गाडीवर चढून पुण्याला गेली. भावोजी त्यानंतर माझ्याशी फार बोलले नाहीत. किनाऱ्यावर धोक्याची पाटी नाही, अशी तक्रार मात्र त्यांनी माझ्या नवऱ्याकडे केली.

मार्चमध्ये ती एकटी आली. फोन करून, ट्रेनने, चार दिवसांसाठी. कुठे जायचं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही ओट्यावर वाल सोलत बसलो होतो. मध्येच ती म्हणाली, "ताई, तुम्हाला पाणी दिसत होतं ना?"

मी सोललेला वाल चुकून सालांत टाकला.

"तुम्ही मला आरशात दिसत होतात," ती म्हणाली. "म्हातारी बोलून गेली तेही."

"मग तू का नाही उतरलीस?"

"चाकाखाली पाणी आलं ते मला कळलं होतं." तिने सोललेले वाल वाडग्यात टाकले. "म्हटलं, बघू या."

मी इतक्या मोठ्याने हसले की नवरा वाडीतून बघायला आला. काय झालं म्हणून विचारू लागला. दोघींनीही सांगितलं नाही. पंचवीस वर्षं मी ज्या बाईला मठ्ठ समजत होते, ती माझ्याइतकीच दुष्ट निघाली, आणि मला तिच्याबद्दल त्या क्षणापासून जी माया वाटू लागली ती अजून कमी झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. सुके बोंबील घ्यायचे तर बोटाने वाकवून बघावे लागतात. तिने ते वास घेऊन निवडले, पुण्याच्या माणसासारखे, आणि निम्मे ओलसर निघाले. ते मात्र मी तिला तोंडावर सांगितलं.