चंदाने लावलेले लग्न

रविवार, १० मे १९९८, टोकावडे. सकाळी नळाला पाणी आले. दुपारी गल्लीतल्या अनिताचे लग्न.

शेजारच्या चंदाचा नवरा, धाऊ, वारला; मूलबाळ नाही. तेव्हापासून ती मला विचारायची, "बाई, आता जगू कशासाठी?" मीही विधवाच. कॉन्व्हेंट शाळेत पाठ केलेली देवाधर्माची उत्तरे तिला देववत नसत.

आज मांडवात म्हाताऱ्या धवलारणीचा आवाजच बसला. तिने धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय इथे लग्न लागत नाही. नवरानवरी ताटकळली. मागे माझ्याजवळ बसलेली चंदा पुढची ओळ पुटपुटत होती. म्हातारीने ते बरोबर हेरले.

"ये गो पुढं!"

"मी? कपाळ बघा माझं!"

"कपाळ काय गातंय? गळा आण!"

पहिली ओळ कापरी आली. तिसऱ्या ओळीला गळा मोकळा झाला! चंदाने अख्खे लग्न लावले.

संध्याकाळी ती धावतच आली. "बाई, वैशाखरे गावातनं लग्नात गायचं बोलावणं आलं! आता मरायला पण टाइम नाय!"

दोघींनी दोनदा चहा घेतला. साखर संपली.