मालकीण आणि ड्रायव्हर

सरकारी कचेरीत जायचं म्हटलं की माणसं घरातून निघतानाच चेहरा पाडतात. आमच्या राणेवहिनी आरटीओत जायला जरीची हिरवी साडी नेसायच्या. केसांत अबोलीचा वळेसर, हातात काचेच्या नव्या बांगड्या. मुलुंडच्या आमच्या चाळीतून त्या अशा नटून निघाल्या की नवा भाडेकरू हमखास विचारायचा, कुणाचं लग्न आहे? आम्ही सांगायचो, लग्न कसलं, गाडीचं पासिंग आहे.

"हापिसात लग्नाक गेल्यासारखा जावचा गो, कुंदा," त्या मला सांगायच्या. "रडक्या तोंडान गेलंस तर सायब तुका आणखी रडयतलो."

कुंदा म्हणजे मी. भिंतीला भिंत लागून खोली, आणि घाटकोपरला एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी. त्यामुळे वहिनींचे सगळे अर्ज आपोआप माझ्या गळ्यात आले. मला टायपिंगचा मनस्वी कंटाळा, पण वहिनींना नाही म्हणायची चाळीत कुणाची टाप नव्हती. मालवणी मसाला करून त्या ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतच्या खानावळींना पुरवायच्या. त्यासाठी एक जुनी मॅटाडोर घेतलेली. आधी ड्रायव्हर ठेवला होता. तो रोज उशिरा यायचा, तर वहिनींनी चाळिशी उलटल्यावर स्वतःच गाडी शिकून त्याला घरी बसवलं. त्यांचे यजमान, म्हणजे राणे, भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. माणूस इतका गरीब की रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तर हाच त्याची माफी मागेल.

या सगळ्या प्रकरणाला सुरुवात झाली मुलुंडच्या जकात नाक्यावर. एक दिवस वहिनी मसाला पोचवून ठाण्याकडून परत येत होत्या. नाक्यावर ट्रकांची रांग, आणि रांगेत पुढे एक निळी गाडी. त्यात गोरं जोडपं. कुठल्या तरी कागदावरून अडकलेलं. आता अडकलं तर अडकलं, पण त्यातली बाई गाडीच्या आत उभी राहून कांदा चिरत होती! वहिनींनी मॅटाडोर तिथेच रांगेत सोडली आणि सरळ त्या गाडीत डोकं घातलं. आत पलंग, पडदा, स्टोव्ह, भांडी घासायची मोरी. भाषा येत नसली म्हणून वहिनींचं काही अडत नसे. हातवारे करून त्यांनी सगळं काढून घेतलं. ही माणसं गाडी चालवत विलायतेहून आली होती. त्यांच्याजवळ एक जाडं पुस्तक होतं, दर देशाला एक पान, आत शिरताना शिक्का, बाहेर पडताना शिक्का. वहिनींनी त्या बाईला मसाल्याची पुडी भेट दिली. ती बिचारी पुढच्या देशापर्यंत डोळे पुसत गेली असणार.

त्या संध्याकाळी वहिनी घरी आल्या त्या धावतच. मला म्हणाल्या, "गाडयेत घर, गो! आणि ता घर घेवन बाई देश ओलांडता. माका पण एकदा ओलांडूचा आसा. माझ्या हातान."

बस, एवढंच त्यांना हवं होतं. देवदर्शन नको, थंड हवा नको, खरेदी नको. एकदा स्वतःची गाडी स्वतःच्या हाताने दुसऱ्या देशात न्यायची. लग्न होऊन मुलुंडला आल्यापासून त्यांचं जग नाक्याच्या अलीकडे भांडुप-घाटकोपर आणि पलीकडे ठाणे, इथेच संपत होतं. आणि आता हे! चाळीत हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. आमच्या चाळीचे सेक्रेटरी तर म्हणाले, राणेवहिनी फार तर कल्याणहून परत येतील. राण्यांनी नकाशा आणला, त्यावर बराच वेळ बोट फिरवलं आणि शेवटी नेपाळवर ठेवलं. बाकी सगळीकडे व्हिसा नाहीतर समुद्र, असं त्यांचं म्हणणं.

मग सुरू झाली कागदांची दिंडी. मॅटाडोर मालवाहू, तिच्यात माणसं झोपवायची तर नोंद बदलायला हवी. खिडक्या कापल्या तर त्याला परवानगी. मुंबईबाहेर चालली म्हणून कागद, मध्य प्रदेशचा कर, उत्तर प्रदेशचा कर, विमा नेपाळात चालेल असं लिहून हवं. मी टाइप करून थकले, राणे काळजी करून थकले. वहिनींना मात्र रोज नवा हुरूप. एकेक शिक्का मिळाला की त्या चाळीत पेढे वाटायच्या. एक खिडकी म्हणायची दुसरीकडे जा, दुसरी म्हणायची पहिलीकडे जा, आणि या आपल्या दोन्हीकडच्या कारकुनांच्या मुलांची नावं पाठ करून घरी यायच्या. मी वैतागले की ठरलेलं वाक्य: "इचारल्याशिवाय वाट गावणा नाय. आपण इचारूचा. तेंका सांगूक पगार मिळता."

गाडी तपासायला आलेले साहेब मला अजून आठवतात. सुताराकडून दोन बाकडी बसवली होती, पाण्याचं पिंप बांधलं होतं, स्टोव्हला कोनाडा केला होता. सगळ्या गाडीला मसाल्याचा असा वास की साहेब आत शिरले आणि पाच मिनिटं शिंकतच होते. नाक पुसत त्यांनी विचारलं, बाई, हे वाहन आहे की घर, मी काय लिहू? वहिनींनी तोवर आतल्या आत चहा टाकलेला. त्यांच्या हातात कप देत म्हणाल्या, "तुमी गाडी लिवा. घर मी समजान." साहेबांनी चहा प्यायला आणि गाडी लिहिलं.

निघालो तेव्हा सेक्रेटरींनीच नारळ फोडला, कारण हसणाऱ्यांत तेच पुढे होते आणि आता मिरवण्यातही तेच पुढे! गाडीत आम्ही तिघं. वहिनी चाकावर, शेजारी मी, मागच्या बाकावर राणे आणि त्यांच्या मांडीवर कागदांची पत्र्याची पेटी. कल्याण मागे पडलं तेव्हा वहिनींनी उगाच दोनदा हॉर्न वाजवला. नाशिक गेलं, इंदूर गेलं. प्रत्येक चेकनाक्याला वहिनी आधी आरशात बघून पदर नीट करायच्या, मगच खाली उतरायच्या. बाई गाडी चालवते आहे म्हटल्यावर गावोगावची पोरंसोरं मागे पळायची. संध्याकाळी झाडाखाली गाडी लावून भात टाकायचा, सुक्या जवळ्याची चटणी करायची. मी आयुष्यात इतकी कधी जेवले नाही आणि इतकी कधी हसलेही नाही.

गोरखपूर ओलांडून सरहद्दीवर पोचलो. वहिनी आदल्या गावातच हिरवी साडी नेसल्या होत्या. समोर आडवा बांबू, त्यापलीकडे नेपाळ. टेबलाशी चष्मेवाले साहेब, बोलायला अगदी सौम्य. आमचे कागद त्यांनी एकेक करून पाहिले, मान डोलावली आणि मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. गाडी सुहासिनी गणपत राणे यांच्या नावावर. लायसन्स सत्यभामा धोंडू परब यांचं. त्यांनी हिंदीत विचारलं, मालकीण कुठे आहे? मालकीण आली नसेल तर तिचं संमतीपत्र लागेल. नाहीतर माणसं खुशाल पायी जाऊ देत, गाडी जाणार नाही.

मी ते दोन्ही कागद पुन्हा वाचले. गाडीचे सगळे अर्ज मी केले होते, पण लायसन्स वहिनींच्या कमरेच्या बटव्यात असायचं, ते मी कधी बघितलंच नव्हतं. लायसन्स काढताना वयाचा दाखला म्हणून त्यांनी शाळेचा दाखला दिला होता. त्यावर माहेरचं नाव. कारकुनाने तेच उतरवलं. मी हळूच म्हटलं, वहिनी, तेव्हाच बदलून का नाही घेतलंत?

"तेना मोठ्यान हाक मारली, सत्यभामा परब कोण म्हणून," वहिनी खाली बघत म्हणाल्या. "बापूस गेल्यापासून त्या नावान कोणी हाक मारूक नाय, गो. माका बदलूचा जीवार इला."

साहेबांना मात्र काही केल्या उमगेना. राण्यांनी घाम पुसत समजावलं की आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात, तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात, सुहासिनी हे माझ्या आईने निवडलेलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, बाई तीच राहिली, तर नाव कशाला बदललं? राणे म्हणाले, पद्धत आहे. आणि मग स्वतःच विचारात पडले. थोड्या वेळाने ते बायकोजवळ जाऊन कुजबुजले, अगो, चालत जाऊ, देव बघू, परत येऊ. वहिनींनी बांबूकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी असा उतरलेला कधी पाहिला नव्हता. मला तर रडूच फुटायच्या बेताला आलं होतं.

मग त्या ताडकन साहेबांकडे वळल्या. त्यांचं हिंदी मालवणीतून येत असलं तरी साहेबांना ते बरोबर कळलं. मालकिणीची संमती हवी ना, मालकीण इथेच उभी आहे, देते की संमती! मला त्यांनी कागद काढायला लावला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. मी, सुहासिनी राणे, माझी गाडी सत्यभामा परब हिच्या ताब्यात देते. ती गाडी बरी चालवते. तिची फार दिवसांची इच्छा आहे, तिला जाऊ द्यावे. एक सही मालकिणीची, एक ड्रायव्हरची. दोन्ही सह्या करताना त्यांची जीभ दातांत होती.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, दोघींना ओळखणारा साक्षीदार हवा.

राणे पुढे झाले. हा माणूस गोंधळणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पण त्यांनी बुशकोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "साहेब, सुहासिनीला मी लग्नापासून ओळखतो. सत्यभामेला एकदाच बघितली होती, बघायला गेलो तेव्हा. तिने पोहे आणून दिले होते. मला तीच आवडली होती."

वहिनी झटकन तोंड फिरवून उभ्या राहिल्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि शिक्का मारला.

बांबू वर गेला. वहिनींनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि आम्ही नेपाळात होतो. पुढे पंचवीस-तीस हात गेल्यावर त्यांनी गाडी थांबवून विचारलं, झाला? इतक्याच? मी म्हटलं, झालं. तर म्हणतात कशा, माझा लक्ष नव्हता, मागे जाऊन परत एकदा येऊया. राण्यांनी मागून हात जोडले तेव्हा कुठे आम्ही पुढे निघालो. पुढचे चार डोंगर आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत होतो.

राणे निवृत्त झाले आणि दोघं कायमची गावी गेली. वहिनींची माझी पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी त्या गेल्याचं गावाकडून आलेल्या माणसाने सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो त्यांचा मुलुंड सोडतानाचा दिवस. मॅटाडोरमध्ये सामान भरलेलं, चाळ सगळी खाली उतरलेली, जो तो वहिनी, वहिनी करून निरोप देतोय. वहिनींनी डोळे पुसले आणि गाडी मागे घ्यायला लागल्या. संसारात 'अगो' पलीकडे बायकोला कधी हाक न मारलेल्या राण्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भामा, सांभाळून घे गो, मागे नळ आसा."