दहा अक्षरांत न बसलेली ज्वारी

"सर, तुमच्या आईची ज्वारी लिस्टमधून काढावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "ती साधी बाजारातली हायब्रीड निघाली."

मॅडम उत्क्रांतीच्या अभ्यासक. त्या गावोगावची ज्वारी गोळा करतात. कोणतं वाण कोणाचं नातलग, हे डीएनएवरून शोधायचं काम माझ्या क्लस्टरचं. क्लस्टर म्हणजे एकाच कामाला जुंपलेले ढीगभर कॉम्प्युटर. त्यातून वाणांचा वंशवृक्ष निघतो. ज्याची फांदी वेगळी, ते लिस्टवर आणि त्याचं बी शीतगृहात जपायचं. बाकीचं नाही.

आई गेल्यावर देवगाव रंगारीच्या घरात तिची बरणी सापडली. राखेत घोळलेली दगडी ज्वारी, मूठभर. ते वाण आता आमच्याकडं कोणी पेरत नाही. मीच ती मॅडमना दिली, आणि तुलनेला भावाच्या शेतातलं हायब्रीड.

संध्याकाळी पुंडलिकनगरला घरी आलो आणि धाकट्या भावाला फोन लावला. तो भडकलाच.

"आईनं जन्मात कधी इकतचं बी घेतलं व्हय? तुझं मशीनच येडं झालंय, दादा!"

मशीनला येडं म्हटलं की मला राग येतो. सकाळी तपासायला बसलो. वंशवृक्षात देवगावची फांदी एकच! नमुने तर दोन होते. मग कपाळावर हात मारला. आमचा जुना प्रोग्रॅम नावाची पहिली दहाच इंग्रजी अक्षरं घेतो. 'देवगावरंगारी-दगडी' आणि 'देवगावरंगारी-हायब्रीड' दहाव्या अक्षराला कापली, की दोन्ही सारखीच. हायब्रीडनं दगडीला पुसून टाकलं. आणि ही नावांची फाइल बनवली कोणी? मीच. 'नावं आखूड ठेवा' हेच दुसऱ्यांना बजावण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

मॅडमना सांगताना लई लाज वाटली.

"परत चालवायला किती दिवस?"

"तीन."

"लिस्ट शुक्रवारी शीतगृहाला जाणार."

"शुक्रवारी सकाळी देतो."

नमुन्याचं नाव बदलून क्लस्टरवर जॉब परत लावला. ते तीन दिवस आईची फार आठवण आली. तव्यावरची पहिली भाकरी ती मला द्यायची, याच ज्वारीची. तो वास मी आजही ओळखीन. पण नाकाची साक्ष कोण धरतो?

शुक्रवारी दगडी वेगळ्याच फांदीवर निघाली, एकटी. बी शीतगृहात गेलं. जाण्याआधी मॅडमनी विचारलं, "थोडे दाणे ठेवायचेत तुम्हाला?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण सगळे मिळून एका भाकरीपुरतेही नव्हते.

"राहू द्या," म्हणालो.

तेव्हापासून नमुन्यांना नावं आखूडच देतो. त्या नमुन्याचं नाव मी नुसतं 'आई' ठेवलं. इंग्रजीत लिहिलं तरी तीनच अक्षरं. कुठंच कापलं जात नाही.