सात वर्षांची पेन्शन, एका वर्षाचा कर

सुलाबाईंचा नवरा पंडित पालमला सरकारी गोदामावर चौकीदार होता. तो वारला तेव्हा बाईंचं नाव नोकरीच्या कागदांवर 'सुलाबाई' आणि आधारवर 'सुलोचना' निघालं. एवढ्याशा गोष्टीवर नवऱ्यामागची पेन्शन सात वर्षं अडली. तेवढ्या काळात बाईंनी लोकांचा कापूस वेचला, लग्नाकार्यात पोळ्या लाटल्या, मुलीला शिकवलं. मग एकदाचा नावाचा घोळ मिटला आणि थकलेली सगळी रक्कम एकदम बँकेत जमा झाली. बाईंनी घराचे गळके पत्रे बदलले आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

वर्ष उलटलं नाही तोच आयकराची नोटीस आली.

मुलगी संघप्रिया सेलूला शिक्षिका. ती रजा टाकून आली आणि आईला घेऊन परभणीत एका करसल्लागाराकडे गेली. त्यानं कॉम्प्युटरवर आकडे टाकले.

"ठरलेली वजावट धरली, मावशी. तरी कर बसतोच. या एका वर्षाचं उत्पन्न फार मोठं दिसतंय."

बाईंचा पारा चढला. "एका वर्षाचं? सात वर्षं हिंडले तवा कुनी ईचारलं न्हाई, जेवलीस का म्हनून. आन् आता मी श्रीमंत झाले व्हय? म्हैन्याच्या म्हैन्याला दिली असती तर बसला असता का कर?"

"नसता बसला. तेवढ्या पेन्शनवर करच नसतो."

"मग उशीर कुनी केला? म्या?"

संघप्रियानं विचारलं, "सर, काहीच मार्ग नाही का?" त्यानं नांदेडच्या आपल्या वरिष्ठांना फोन लावला. बराच वेळ हं हं केल्यावर त्याचा चेहरा उजळला. थकबाकी ज्या त्या वर्षाची धरून करात सवलत मिळते. त्यासाठी वेगळा अर्ज विवरणपत्राच्या आधी भरायचा. फक्त कोणत्या वर्षाचे किती, याचा दाखला हवा.

तो 'फक्त' बाईंना चांगलाच महागात पडला. बँक म्हणाली, गोदामाच्या सरकारी खात्याकडून आणा. खातं म्हणालं, पैसे बँकेनं जमा केले, बँकच देईल. एसटीनं हेलपाटे घालून बाईंच्या पायाला गोळे आले.

शेवटी खात्याच्या ऑफिसात कारकून म्हणाला, "उद्या या."

"उद्या कामून? आज काय करायलाव तुमी?"

बाईंनी समोरच्या बाकावर फडकं सोडलं आणि भाकरी-ठेचा खायला घेतला. जेवण झालं, तरी उठल्या नाहीत. कारकुनानं दोनदा चहा पिऊन पाहिला, फाईल इकडची तिकडे केली. ऑफिस बंद व्हायच्या आत दाखला हातात पडला.

सवलतीचा अर्ज भरला, मागोमाग विवरणपत्र भरलं आणि कर शून्यावर आला. संघप्रिया हसली. सल्लागारानं मात्र घसा साफ केला.

"विवरणपत्र मुदतीनंतर भरलं ना, मावशी. त्याचं उशिराचं शुल्क तेवढं भरावं लागेल."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "म्या काही म्हैने उशीर केला तर शुल्क. त्यायनी सात वर्षं केला, त्याचं शुल्क कुठं भरत्यात?"

संघप्रियानं मोबाईलवरून शुल्क भरलं. बाईंनी ती पावती पाहिलीसुद्धा नाही. पदर खोचून त्या पालमच्या गाडीला निघाल्या.